केसतूड, काळपुळी आणि पेनिसिलीन

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मराठी माणसाची कातडीवरच्या दुखण्यांशी किती जुनी ओळख आहे, हे पाहायला वैद्यकाचं पुस्तक उघडावं लागत नाही. आपली बोली पुरेशी आहे. केस तुटल्याच्या जागी लालबुंद फोड उठला, तर ते केसतूड. नखाच्या कडेला ठणका लागून पू धरला, तर ते नखुरडं. पापणीच्या काठावर आली ती रांजणवाडी. खोल, मोठं, रात्री झोपू न देणारं ते गळू. त्यालाच कुठे करट म्हणतात, कुठे बेंड. मानेवर किंवा पाठीवर उठून अनेक तोंडांनी फुटते ती काळपुळी. कातडी लाल होऊन तापते आणि ती लाली पसरत जाते, ते धावरं. पायाला काटा लागून जखम चिघळली आणि जांघेत गाठ आली, की आजीबाई म्हणायच्या, ‘अवधाण आलंय, पाय बघा.’ म्हणजे दुखतं जांघेत आणि मूळ आहे पायात, हे त्यांना ठाऊक होतं.

मी कवी आहे, डॉक्टर नाही. बी.ए.पर्यंत शिकलो, तेही भाषा घेऊन. त्यामुळे या दुखण्यांकडे मी गेलो तो शब्दांच्या वाटेनं. आणि जाता जाता असं लक्षात आलं, की या शब्दांच्या मागे माणसाच्या एका फार मोठ्या लढाईचा इतिहास उभा आहे. दुखणं ओळखायला माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच शिकला होता. त्यावर खात्रीचा इलाज हातात येऊन मात्र अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. या दोन गोष्टींमधल्या अंतरात किती माणसं गेली, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आधी शब्दांकडे पाहू. काळपुळीतला ‘काळ’ काळ्या रंगाचा की मृत्यूचा, असा प्रश्न मला पडायचा. ग्रीक लोक अशा काळवंडणाऱ्या फोडाला ‘अँथ्रॅक्स’ म्हणत, म्हणजे कोळसा. लॅटिनमध्ये ‘कार्बंक्युलस’, म्हणजे लहानसा कोळसा. अरबी वैद्यकात त्याला ‘जमरा’ म्हणतात, म्हणजे निखारा. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांना त्या फोडात एकच गोष्ट दिसली. आतून जळणारी, वरून काळी पडणारी. ‘धावरं’ हा शब्दही ऐका. त्यात धावणं ऐकू येतं. संस्कृतात याच दुखण्याला ‘विसर्प’ म्हणतात, म्हणजे सरपटत पसरणारं. ‘पू’ हा आपला एकाक्षरी शब्द संस्कृत ‘पूय’पासून आला, आणि लॅटिनमधला ‘पस’ त्याच कुळातला आहे. उलट, ‘जखम’ फारसीतून आली, ती उघडणारं ‘नस्तर’ही फारसीतलंच. तिच्यावर लावायचं ‘मलम’ मूळच्या अरबी ‘मरहम’पासून आलं, आणि भरत नाही अशा जुनाट जखमेचं ‘नासूर’ हे नावही अरबीच. दुखण्याच्या बाबतीत आपल्या भाषेनं कधी सोवळंओवळं पाळलं नाही. ज्याच्याकडे इलाज होता, त्याच्याकडून तिनं शब्दही घेतला.

आता शास्त्राकडे वळू. गळवाचा सर्वांत बारकाईनं अभ्यास आपल्याकडे सुश्रुतसंहितेत दिसतो. सूज तीन अवस्थांतून जाते, असं तिथे सांगितलं आहे. आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्ची असताना ती टणक असते, फार दुखत नाही, कातडीचा रंगही फारसा बदललेला नसतो. पिकू लागली, की सुया टोचाव्यात, मुंग्या डसाव्यात तशा वेदना होतात. बसून चैन पडत नाही, पडूनही नाही. ताप येतो, तहान लागते. पिकली, की वेदना कमी होते, कातडीवर सुरकुत्या पडतात आणि बोटानं दाबलं, तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखा पू आतल्या आत हलतो. आजचा सर्जनसुद्धा गळूवर दोन बोटं ठेवून हेच तपासतो. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेल्याकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सुश्रुतानं सारखंच दोषी धरलं आहे. शस्त्र हाती असणं पुरेसं नाही, ते कधी चालवायचं हे कळलं पाहिजे, हा त्याचा आग्रह.

चरक आणि सुश्रुत दोघांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. प्रमेह झालेल्या माणसाला वारंवार गळवं होतात. त्यांना त्यांनी ‘प्रमेहपिडका’ असं वेगळं नावच दिलं आणि आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. परळासारखी ती शराविका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका. रक्तातली साखर मोजायचं कुठलंही साधन नव्हतं, तेव्हाची ही नोंद आहे. आज पन्नाशीच्या माणसाला काळपुळी झाली, तर डॉक्टर आधी साखर तपासायला सांगतात. दोन हजार वर्षांत निदानाची ही दिशा बदललेली नाही.

ही विद्या इथेच अडकून पडली नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये हारून अल्-रशीदच्या राज्यात याह्या बर्मकी नावाचा वजीर होता. त्याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या हिंदी वैद्यानं सुश्रुताचा ग्रंथ अरबीत नेला, अशी नोंद दहाव्या शतकातल्या इब्न अल्-नदीमच्या ‘फिहरिस्त’ या सूचिग्रंथात आहे. अरबांनी त्याचं नाव ‘सुस्रुद’ असं केलं. पुढे इब्न सीनानं आपल्या ‘कानून’मध्ये सूज आणि फोड यांवर स्वतंत्र विवेचन केलं, आणि बाराव्या शतकात ‘कानून’ लॅटिनमध्ये उतरून युरोपच्या विद्यापीठांत गेला. तिकडे रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकानं पहिल्या शतकातच दाहाची चार लक्षणं सांगून ठेवली होती. लाली, सूज, ऊब आणि वेदना. ही चार लक्षणं आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागतात.

ओळख तर पक्की झाली. इलाज काय होता? शेक आणि शस्त्र. अळशीचं किंवा कणकेचं गरम पोटीस बांधायचं, गळू पिकू द्यायचं, मग फोडायचं. गावोगावी हे काम न्हावी करत, काही शहरांत जर्राह करत. पुष्कळ माणसं त्यानं बरी होत. शेक आणि निचरा, एवढा भाग आजही खरा आहे. पण विष एकदा गळवाच्या भिंती ओलांडून रक्तात गेलं, की वैद्य, हकीम, जर्राह, डॉक्टर सगळे हात जोडून बसत. युरोपात तर शतकानुशतकं अशी समजूत होती, की पू होणं हे जखम भरण्याचंच लक्षण आहे. दाट, पांढऱ्या पुवाला ते ‘चांगला पू’ म्हणत. तेराव्या शतकात थिओडोरिक नावाच्या इटालियन शल्यवैद्यानं लिहिलं, की जखम भरायला पुवाची काही गरज नाही, ती स्वच्छ ठेवा. फारसं कुणी ऐकलं नाही. पू कशानं होतो हेच माहीत नव्हतं, तर ऐकणार तरी कशाच्या जोरावर?

ते कोडं एकोणिसाव्या शतकात सुटलं. १८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जनकडे एक अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं, हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमा हमखास चिघळत, आणि जीव वाचवायला पाय कापावा लागे. लिस्टरनं जखमेवर कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही. पोरगा दोन्ही पायांवर चालत घरी गेला. बाहेरून येणारे सूक्ष्मजीव जखम नासवतात, हे पाश्चरचं म्हणणं लिस्टरनं रुग्णाच्या खाटेपर्यंत आणलं होतं.

मग खुद्द गळवाचाच नंबर लागला. १८८० साली पाश्चरनं गळवातल्या पुवात सूक्ष्मजंतू असतात, असं फ्रान्सच्या विद्वत्सभेत सांगितलं. त्याच सुमारास स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन गावी अलेक्झांडर ऑग्स्टन हा सर्जन घरामागे छोटी प्रयोगशाळा थाटून बसला होता. एका रुग्णाच्या गळवातला पू त्यानं रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बारीक गोल ठिपके दिसले, काही साखळीसारखे ओळीनं, काही घोसासारखे एकत्र. हे जंतू वाढवायचे कशात? त्यानं ताज्या अंड्यांत वाढवले. १८८२ साली घोसवाल्या जंतूचं त्यानं बारसं केलं, ‘स्टॅफिलोकॉकस’. ग्रीकमध्ये ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घोस. दोन वर्षांनी रोझेनबाख या जर्मन शास्त्रज्ञानं त्यातली सोनेरी रंगाची जात वेगळी काढली, तिचं नाव ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी. केसतूड, रांजणवाडी, गळू, काळपुळी यांच्यामागे बहुतेक वेळा हाच सोनेरी द्राक्षांचा घोस असतो. धावऱ्यामागे असतो तो त्याचा भाऊबंद, साखळीवाला स्ट्रेप्टोकॉकस. एखाद्या कवीनं इतकी सुंदर नावं इतक्या दुष्ट गोष्टींना दिली असती, तर समीक्षकांनी त्याला सोडलं नसतं.

तरी शंका घेणारे होतेच. पुवात जंतू सापडले, म्हणून पू जंतूंमुळेच झाला कशावरून? १८८५ साली कार्ल गारे या स्विस डॉक्टरनं हा वाद आपल्या कातडीवर मिटवला. अक्षरशः. त्यानं प्रयोगशाळेत वाढवलेले हे जंतू स्वतःच्या धडधाकट हातावर चोळले. काही दिवसांत तिथे काळपुळी उठली आणि तिच्याभोवती लहान लहान गळवं. पुरावा मिळाला, त्याचे व्रणही मिळाले.

शत्रूचं नाव कळलं, चेहरा दिसला. पण त्याला शरीराच्या आत जाऊन मारायचं कसं? कार्बोलिक अॅसिड जखमेवर ओतता येतं, रक्तात ओतता येत नाही. पुढची पन्नास वर्षं हाच प्रश्न होता. पहिलं उत्तर आलं जर्मनीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून. गेर्हार्ट डोमाक हा तिथला डॉक्टर कापड रंगवायच्या रसायनांमधून औषध शोधत होता. प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग स्ट्रेप्टोकॉकसनं आजारी पाडलेल्या उंदरांना वाचवतो, असं त्याला दिसलं. १९३५ च्या फेब्रुवारीत त्यानं ते जाहीर केलं. त्याच वर्षी डिसेंबरात त्याची स्वतःची लहान मुलगी हिल्डगार्ड नाताळच्या सजावटीचं काम करताना पडली आणि सुई तिच्या हातात घुसली. हात सुजला, पू झाला, ताप चढला. शस्त्रक्रिया केल्या, उपयोग झाला नाही. हात कापायची वेळ आली. डोमाकनं तिला प्रॉन्टोसिल दिलं. मुलगी वाचली, हातही वाचला. सुई टोचल्याचं निमित्त होऊन एका शास्त्रज्ञाच्या घरातलं मूल जायच्या बेतात होतं, यावरून बाकीच्या जगाचं काय होत असेल, याची कल्पना करा. डोमाकला १९३९ साली नोबेल जाहीर झालं, पण हिटलरच्या राजवटीनं ते नाकारायला लावलं. पदक हाती पडायला १९४७ साल उजाडलं.

दुसरं उत्तर लंडनमध्ये सापडलं. १९२८ च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतला, तेव्हा त्याच्या एका बशीत बुरशी आली होती आणि बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. ही गोष्ट आपण शाळेत वाचतो. त्या बशीत कुठले जंतू होते, हे मात्र शाळेत सांगत नाहीत. ते होते स्टॅफिलोकॉकस, आपल्या गळवातलेच. म्हणजे पेनिसिलिनचा पहिला बळी गळवाचा जंतू होता. पण त्या बुरशीतून औषध वेगळं काढणं फ्लेमिंगला जमलं नाही. ते काम दहा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केलं, तेही युद्धाच्या दिवसांत. बुरशी वाढवायला भांडी मिळेनात, म्हणून हीटलीनं सुरुवातीला इस्पितळातली बेडपॅन वापरली.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी हे औषध इलाज म्हणून पहिल्यांदा एका मरणासन्न रुग्णाला दिलं गेलं. अल्बर्ट अलेक्झांडर, वय ४३, पोलीस शिपाई. गुलाबाचा काटा तोंडाला ओरखडला आणि तिथून सगळं सुरू झालं, असं पुष्कळ वर्षं सांगितलं जायचं. पुढे त्याच्या मुलीनं सांगितलं, की काटा वगैरे काही नव्हतं, बॉम्बहल्ल्यात जखम झाली होती. निमित्त काहीही असो, चेहराभर गळवं झाली होती, एक डोळा काढावा लागला होता, पू फुप्फुसापर्यंत गेला होता. पेनिसिलीन दिल्यावर एका दिवसात उतार पडू लागला. ताप उतरला, माणूस जेवू लागला. पण साऱ्या इंग्लंडात औषध होतं ते एवढंच. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलीन गाळून, शुद्ध करून पुन्हा त्यालाच टोचलं. तेही संपलं. दुखणं उलटलं, आणि १५ मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं, फक्त पुरलं नाही.

आता थोडं माझ्या घरातलं सांगतो. माझे सर्वांत थोरले चुलते १९४३ साली गेले. वय एकोणीस. वरच्या ओठावर पुळी आली होती. त्यांनी ती आरशात बघून दाबली. दोन दिवसांत चेहरा सुजला, डोळे मिटले, तापात बरळू लागले, आणि पाचव्या दिवशी त्यांना कब्रस्तानात न्यावं लागलं. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपासच्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध असतो, त्या वाटेनं विष वर चढू शकतं, हे मला पुढे एका डॉक्टर मित्रानं समजावलं. त्या वर्षी पेनिसिलीन जगात होतं, पण जे काही तयार होत होतं ते सैन्यासाठी. आमच्या गावात त्याचं नावही पोचलेलं नव्हतं. दादी पुढे चाळीस वर्षं जगली. आम्हा नातवंडांपैकी कुणाचा हात तोंडावरच्या पुळीकडे गेला, की ती हातातलं काम टाकून यायची आणि हात धरून ठेवायची. बोलायची काही नाही.

तिच्या धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या वडिलांना, १९५८ साली मांडीला गळू झालं. ताप चढला, जांघेत अवधाण आलं, पाय टेकवेना. दादीनं खाणंपिणं सोडलं. वडिलांना बैलगाडीत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गळू कापून पू काढला आणि पेनिसिलिनच्या सुया दिल्या. आठवड्याभरात वडील घरी आले. त्यानंतर त्यांचं लग्न झालं, आम्ही भावंडं झालो.

एकाच आईचे दोन मुलगे. एक १९४३ मध्ये गेला, एक १९५८ मध्ये वाचला. मधल्या पंधरा वर्षांत युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला आणि पुण्याजवळ पिंपरीला एक कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ साली सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन केली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पुण्याकडची माणसं त्या कारखान्याला नुसतं ‘एचए’ म्हणत. परदेशातून बोटीनं येणारं महागडं औषध आपल्या मुलुखात बनू लागलं, सरकारी दवाखान्याच्या कपाटात दिसू लागलं. त्या कारखान्याला पुढे उतरते दिवस आले, तो वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण महाराष्ट्रात आज जे साठी-सत्तरी पार केलेले लोक आहेत, त्यांच्यातल्या कितीजणांचा जीव बालपणी त्या बाटलीनं राखला असेल, याचा हिशेब कुठल्याही ताळेबंदात मांडलेला नाही.

इथे ही गोष्ट सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण जंतूही बसून राहिले नाहीत. पोलीस शिपाई अलेक्झांडरला औषध मिळायच्या आधीच, १९४० साली, अब्रहम आणि चेन यांना दिसलं होतं, की काही जंतू पेनिसिलीनचा नाश करणारा पदार्थ स्वतःच तयार करतात. १९४५ साली नोबेल स्वीकारताना फ्लेमिंगनं बजावलं, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलीन घेतलं, तर जंतू मरणार नाहीत, उलट शिकून शहाणे होतील. १९४८ पर्यंत लंडनच्या एका मोठ्या इस्पितळात निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकॉकस पेनिसिलिनला दाद देईनासे झाले. मग मेथिसिलीन हे नवं औषध आलं. १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांनाच डॉक्टर ‘एमआरएसए’ म्हणतात. आज ते भारतातल्या इस्पितळांतही मोठ्या प्रमाणावर आढळतात. एका जागतिक अभ्यासानुसार औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली. त्यांतली एक लाखाहून अधिक या एमआरएसएमुळे.

हे का झालं? कारणं पुष्कळ आहेत, पण त्यातलं एक आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे. गळू झालं, की आपण मेडिकलमध्ये जातो आणि ‘एखादी स्ट्राँग गोळी द्या’ म्हणतो. दोन दिवस घेतो, ठणका थांबला की उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतो, शेजाऱ्याला उपयोगी पडतील म्हणून. शेजारी काय, आपण नातेवाइकांच्या गावालाही पाठवतो. किंवा खाज, नायटा, गळू सगळ्यावर एकच ट्यूब चोळतो. त्यात स्टेरॉइड असेल, तर लाली लपते आणि जंतू आत सुखानं वाढतात. दादीच्या काळात औषध नव्हतं म्हणून माणसं जात. औषध असून लागू पडत नाही, असे दिवस आपण आपल्या हातांनी जवळ आणतो आहोत.

म्हणून डॉक्टर मंडळींकडून विचारून घेतलेल्या चार गोष्टी सांगतो. लहानसं केसतूड असेल, तर त्याला औषध लागतंच असं नाही. कोमट पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेक द्या, झाकून ठेवा, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. पिळू नका, तोंडावरचं तर मुळीच नाही. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात हा सोनेरी जंतू मुक्कामाला असतो, त्यामुळे नाकात घातलेलं बोट दुसरीकडे लावू नका, ही आईची शिकवण शास्त्रशुद्ध आहे. गळू मोठं होऊन आत पू हलत असेल, तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टरांकडून पू काढूनच घ्यावा लागतो, सुश्रुतानं सांगितलं तसा. पुन्हा पुन्हा गळवं होत असतील, तर साखर तपासा. लहान मुलाच्या तोंडावर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, तर ते दुखणं संसर्गजन्य आहे. दाखवून घ्या, कारण त्यातला साखळीवाला जंतू काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज आणतो.

आणि सेल्ससच्या चार लक्षणांपैकी लालीबद्दल एक दुरुस्ती आपण करून घ्यायला हवी. त्यानं गोऱ्या कातडीची माणसं पाहिली होती. आपल्या सावळ्या रंगावर लाली अनेकदा लाल दिसतच नाही. ती काळसर, जांभळट दिसते, नाहीतर डोळ्यांना कळतच नाही. तेव्हा हाताची मागची बाजू लावून ऊब पाहा. दुसऱ्या हाताशी, दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. सूज पसरते आहे असं वाटलं, तर पेननं तिच्या कडेनं रेघ ओढून ठेवा. काही तासांत ती रेघ ओलांडली गेली, तर ते धावरं धावतं आहे, असं समजा. थंडी वाजून ताप आला, हातापायावरून वर जाणारी लाल रेघ दिसली, डोळ्याभोवती सूज आली, दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखू लागलं, कातडी काळीनिळी पडू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच निघा. मधुमेह असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळांच्या आईबापांनी तर आधीच निघावं.

औषधाच्या पाकिटावरही एक उभी लाल रेघ असते. २०१६ पासून सरकारनं तिची मोहीम चालवली. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि ते सांगतील तितके दिवस घ्यायचं, असा तिचा अर्थ. हातावरून चढणारी लाल रेघ ओळखायला आपल्या आज्या शिकल्या होत्या. पाकिटावरची ही दुसरी रेघ ओळखायला आता आपण शिकायचं आहे. तेवढं केलं, तर ज्या औषधानं माझे वडील वाचले, ते आपल्या नातवंडांनाही लागू पडेल.